तेल काले

सुपडू, तू जाऊन आज अकरा दिवस झाले आणि सिल्वासाच्या या टोकरखाड्यात तुझ्याविषयी अजून एकही खरं वाक्य कुणी बोललेलं नाही. परवा कॉलनीच्या मैदानात शोकसभा झाली. कुणी तुला देवमाणूस म्हणालं, कुणी अजातशत्रू म्हणालं. अजातशत्रू! पाण्याच्या टाकीवरून तू निम्म्या कॉलनीशी भांडला होतास आणि उरलेल्या निम्म्यांच्या नकला करून दाखवायचास. चहा पिताना बशीचा असा फुर्रर आवाज काढायचास की भिंतीपलीकडे माझ्या बायकोला ऐकू यायचा. तुझ्या बोटांना कायम रॉकेलचा वास, आणि त्याच बोटांनी आमच्या डब्यातला चिवडा खायचास. बारा वर्षं शेजारी राहिलो. मला तरी देवमाणूस दिसला नाही.

सभेत माझ्याविषयीही बोलले. ते जे काही बोलले त्यासाठीच हे लिहायला बसलो आहे. पण आधी इंजिनाचं बोलू, कारण आपल्या दोघांत बोलण्यासारखं दुसरं काही फारसं नव्हतं. तू शिरपूरकडचा फिटर, मी राजापूरचा विज्ञानाचा मास्तर. तुझ्या मते मला पाना धरता येत नव्हता आणि माझ्या मते तुला वाक्य धरता येत नव्हतं. दोघांचंही बरोबर होतं.

रांधा गावातल्या वाडीवाल्या शेठने तुला तो बागेतला छोटा ट्रॅक्टर दाखवला, तेव्हा मीही बरोबर होतो. चिकूच्या दोन ओळींमधून जाईल एवढाच त्याचा जीव. कुठल्या परदेशी कंपनीचा, ते पाटीवरून वाचता येत नव्हतं. कित्येक वर्षं शेडमध्ये पडून होता. सीटवर कोंबडीने अंडी घातलेली, आणि एकाच सिलिंडरचं ते इंजिन गंजून असं जाम झालेलं की तू दोरीला लटकलास तरी हललं नाही. शेठ म्हणाला, "आ चालू करी आपो, तो रोडवाळो शेड तमारो." हा चालू करून दिलास तर रस्त्यालगतचा शेड तुझा. आजूबाजूच्या वाड्यांमधले पंप, इंजिनं, सगळी तुझ्याकडे येतील. परतताना तू सायकल हातात धरून चालत होतास. बसायचंच विसरलास. "सर, शिफ्ट सुटली समजा," एवढंच म्हणालास. कारखान्यातल्या तीन पाळ्यांनी तुझं पोट बिघडलं होतं, कान अर्धे गेले होते, आणि सुपरवायझर तुझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होता. तुला त्या सगळ्यातून बाहेर काढणारं ते एकच इंजिन होतं. हे तुलाही माहीत होतं आणि मलाही.

त्यानंतरचे चार महिने आपल्या आयुष्यातले सगळ्यात चांगले महिने होते, हे मला मान्य करावं लागतं आणि ते करताना माझं तोंड कडू होतं. इंजिन बैलगाडीतून तुझ्या ओट्यावर आलं. तू सिलिंडरमध्ये रॉकेल आणि डिझेल ओतून ठेवलंस आणि आठ दिवस कुणाला हात लावू दिला नाहीस. मी म्हणालो, तापवूया, धातू प्रसरण पावतो. तू म्हणालास, "सर, ते धडा पाचवा तुमच्या पोरांले शिकवा. हे म्हातारं शे, याले दम खाऊ द्यावा लागतो." नवव्या दिवशी लाकडाच्या ठोकळ्याने वर हलकेच ठोकलंस आणि पिस्टन सुतासुताने सुटला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तू ते पाहिलंस, आणि दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीवर सगळ्यांना त्याची नक्कल करून दाखवलीस.

बोअरिंगला सिलिंडर वापीला गेला. पिस्टन सुरतेहून आणून तू लेथवर उतरवून घेतलास. गॅस्केट कुठेच मिळेना, तर पत्रा-अस्बेस्टॉसचा तुकडा हेडवर ठेवून हातोडीच्या कडेने टिचक्या मारत तू तो तिथल्या तिथे कापलास. मी असं काही आधी पाहिलं नव्हतं. व्हॉल्व्ह घासायला तू मला बसवलंस. खडबडीत पेस्ट लावून काठी तळहातांमध्ये फिरवायची, मधे मधे उचलायची, पुन्हा फिरवायची. दोन रविवार मी तेच केलं. मग तू वरून रॉकेल ओतलंस आणि म्हणालास, सकाळपर्यंत थेंब खाली आला नाही तर तुम्ही पास. थेंब आला नाही. तू माझ्या पाठीवर थाप मारलीस, शर्टवर पाचही बोटं उमटली, आणि मी तो शर्ट आठवडाभर बायकोला धुवू दिला नाही. शाळेत बावीस वर्षं झाली होती, पण कुणी मला पास केल्याचं आठवत नव्हतं.

आणि मग कड्यांचा दिवस. पिस्टनच्या कड्या, तुझ्या भाषेत रिंगा, मी बसवल्या. प्रत्येक कडीला एक फट असते आणि त्या फटी वेगवेगळ्या बाजूंना ठेवायच्या असतात, नाहीतर सगळा दाब तिथून निसटतो. हे मला माहीत होतं. मी वर्गात शिकवलेलं होतं. पण हातात घेतल्यावर मी तिन्ही फटी अगदी सरळ एकाखाली एक लावल्या, सुबक दिसाव्यात म्हणून. तू पाहिलंस. ओट्यावर कॉलनीतली सात-आठ माणसं जमेपर्यंत थांबलास. मग पिस्टन वर धरून म्हणालास, "पाहा हो, सरांनी कड्या प्रार्थनेले उभ्या करेल शेत!" शाळेच्या प्रार्थनेला पोरं रांगेत उभी करतात तशा मी उभ्या केल्या आहेत म्हणे. लोक हसले ते हसलेच. त्या दिवसापासून मी रिंगमास्तर झालो. आधी कॉलनीत, मग भाजीवाल्याकडे, आणि महिन्याभरात शाळेत. नववीच्या वर्गात फळ्याकडे वळलो की मागून पोरं हळूच चाबकाचा आवाज काढायची.

तुला हे कधी कळलं नाही, सुपडू. तुझ्या दृष्टीने तो एक चांगला विनोद होता, आणि होताच. पण मी बोलणाऱ्यातला माणूस, माझं नाव, माझं 'सर' हे एवढंच माझ्याकडे होतं. एका सातवी पास माणसाने ते काढून घेतलं, आणि तोच माणूस आता कारखान्यातून सुटून स्वतःच्या शेडचा मालक होणार होता. मी मात्र बदलीची वाट बघत तिथेच राहणार होतो. मला तुझा हेवा वाटत होता. हे लिहायला मी अकरा दिवस घेतले.

शेवटच्या आठवड्यात काम रांध्याला, शेठच्या शेडमध्येच चालू होतं. शुक्रवारी माझे पेपर तपासायचे होते म्हणून मी आलो नव्हतो, तेव्हा तू इंजिनाचा खालचा भाग, जिथे तेल राहतं तो, बंद केलास. शनिवारी आपण दोघांनी हेड चढवलं, बोल्ट तिरके-तिरके आवळले, इंजिन ट्रॅक्टरवर बसवलं. रविवारी सकाळी नऊला शेठ पाहायला येणार होता. तुला शनिवारी रात्रपाळी होती. तू चपला घालत होतास, वाडीतल्या माळ्याशी तुझं गुजरातीत काहीतरी चाललं होतं, आणि त्याच ओघात मान वळवून मला म्हणालास, "सर, तेल काले."

बाकीचं तुला पाठ आहे, पण माझ्या तोंडून पुन्हा ऐक. गुजरातीत 'काले' म्हणजे काल, आणि 'काले' म्हणजे उद्याही. बोलण्याच्या ओघावरून समजायचं. सिल्वासात पाच-सहा वर्षं काढलेला कुठलाही माणूस ते समजतो. 'काल' धरलं तर तेल शुक्रवारीच भरलं, असा अर्थ झाला असता. तू म्हणत होतास की तेल उद्या, सकाळी येताना अथालच्या दुकानातून चाळीस नंबरचं घेऊन येतो.

रविवारी शेठ आठलाच आला. बरोबर शेजारच्या वाड्यांचे दोन मालक, तुझी पुढची गिऱ्हाइकं. मी एकटाच होतो. शेठ म्हणाला, "सर, तमे पण साथे ज हता ने? चालू करो ने." मी दोरी गुंडाळली, ओढली. तिसऱ्या ओढीला इंजिन पेटलं. इतकं गोड चाललं, सुपडू! ते दोघे मालक एकमेकांकडे बघून मान हलवू लागले. तू वळणावर होतास. तुला आवाज ऐकू आला असणार, कारण मी तुला पेडलवर उभा राहून येताना पाहिलं. कॅरियरला तेलाचा डबा बांधलेला आणि तोंडभर हसू. मी तुला एवढ्या आनंदात त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतर तर नाहीच.

तू जोडताना बेअरिंगला बोटाने जे तेल चोपडलं होतंस, तेवढ्यावर ते चार मिनिटं चाललं. मग किंचाळलं. आत पिस्टनचा रॉड तुटला आणि कवच फोडून बाहेर आला. त्या भोकातून मूठ आत गेली असती. अशा जुन्या परदेशी ओतकामाला दुसरं कवच मिळत नाही. हे शेठलासुद्धा कळलं.

तू सायकल आडवी टाकलीस. भोकाकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस. म्हणालास, "तेल?"

मी म्हणालो, "तू काल भरलं म्हणालास ना?"

 तुझे ओठ हलत होते, शब्द परत उच्चारून बघत होतास बहुतेक. मग शेठकडे वळलास. "भूल मारी छे, शेठ. में काले कह्युं. सर मराठी माणस, ए काल समज्या." आणि मला म्हणालास, "तुम्ही मनाले लावून घेऊ नका, सर. मन्ही जीभच खिचडी व्हई गयी शे." मी मान हलवली. वर तुझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मी कसा ठेवू शकलो याचं मला आजही नवल वाटतं.

शेड मिळाला नाही. शेठने त्याच महिन्यात तिथे खताच्या गोणी रचल्या. तू पाळीवर परत गेलास. ओट्यावरची अवजारं पोत्यात बांधून माळ्यावर टाकलीस आणि पुन्हा एकदाही इंजिनाला हात लावला नाहीस. माझी स्कूटर बंद पडली तेव्हासुद्धा मला मेकॅनिककडे पाठवलंस. शोभावहिनींनी एकदा माझ्या बायकोला सांगितलं की तू रात्री अंथरुणात उठून बसतोस आणि 'काले, काल, काले' असं पुटपुटतोस. मी ते ऐकून पेपर तपासायला घेतले.

त्याच्या पुढचं तर त्याहून वाईट. पावसाळा संपल्यावर एका रविवारी तू नवी वही घेऊन माझ्या दारात उभा राहिलास. "सर, माले चांगली मराठी शिकवा. मन्ही बोली माले नडली." मी तुला त्याच वेळी आत घेऊन खरं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "माले नाही. मला." तू वहीत लिहून घेतलंस.

नऊ वर्षं तू दर रविवारी आलास. आणि मी शिकवलं, मन लावून शिकवलं, सुपडू. शे नाही, आहे. व्हई गयी नाही, झाली. उद्या म्हणजे उद्या, काल म्हणजे काल. तू पाठ करायचास आणि मला बरं वाटायचं. रिंगमास्तर म्हणणारा माणूस माझ्यासमोर पाटावर बसून विभक्ती गिरवतोय, यात मला सुख होतं. नकला बंद झाल्या, कारण तुझ्या नकला त्या बोलीतच होत्या. शुद्ध मराठीत तुला एकही विनोद जमला नाही. पाण्याच्या टाकीवरची भांडणंही तू हरायला लागलास. वहिनी म्हणाल्या, "घरात बोलत नाहीत हो आता, भाषण करतात." दिवाळीला गावी गेलास तेव्हा आईशी 'तुझी प्रकृती कशी आहे' असं बोललास. तिने शेजारणीला विचारलं, "हाऊ कोन सायेब उना?" हे तू मला हसत सांगितलंस. हसता हसता वही उघडलीस, आणि मी तुला 'उना'चं 'आला' हे रूप समजावून दिलं.

तुझे उपकारही याच वर्षांतले आहेत, तेही मोजून घ्यावे लागतात. मला हिवताप झाला तेव्हा पाळी करून आलेला तू माझ्या कपाळावर पट्ट्या बदलत बसायचास, आणि वही तेव्हाही बरोबर असायची. माझी आई गेली तेव्हा गाडीत माझ्या शेजारी बसून राजापूरपर्यंत आलास. मी तुला एक दिवसही आवडता माणूस म्हटलं नाही. होतास. आता म्हणून काय उपयोग?

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी रोज येत होतो. तू खंगून गेला होतास, आणि बोलत होतास एखाद्या पाठ्यपुस्तकासारखा. त्या मंगळवारी वहिनी पाणी आणायला बाहेर गेल्या आणि मी बोलून टाकलं. "सुपडू, मला काले कळत होतं. माझ्या वर्गात अर्धी पोरं घरी गुजराती बोलतात. वही मागितली की रोज म्हणतात, काले आणतो सर. मला त्या दिवशीही कळलं होतं."

तू डोळे मिटलेस. मला वाटलं, आता शिवी येईल. शिरपूरची, अस्सल. मी तिची वाट पाहत होतो, देवाशपथ सांगतो. तू डोळे उघडलेस, माझा हात धरलास आणि म्हणालास, "सर, मरणाऱ्या माणसाचं ओझं आपल्या डोक्यावर घेता. तुमच्यासारखा माणूस मला भेटला, हे माझं भाग्य आहे."

व्याकरणाची एक चूक नव्हती. मी म्हणालो, अरे, मी खरं सांगतोय. तू हसलास आणि माझ्या हातावर थोपटलंस. वहिनी आल्या तेव्हा त्यांना सांगितलंस. नर्सला सांगितलंस. भेटायला आलेल्या प्रत्येकाला सांगितलंस की सर चूक स्वतःवर घेतात, एवढं मोठं मन. आणि गुरुवारी गेलास.

तर शोकसभेत हेच सांगितलं त्यांनी. तुझ्या मेहुण्याने माईकवरून सांगितलं. बायका डोळे पुसत होत्या. कॉलनीतला एक माणूस, मला भाजीवाल्यापुढे रिंगमास्तर म्हणणारा, उठून माझ्या पाया पडला. मी उभा राहिलो, दोन शब्द बोललो. काय बोललो ते सांगतो: "सुपडू माझा मोठेपणा सांगायचा, पण मोठा तोच होता." टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या! इतकं सुबक वाक्य होतं ते.

मला ठाऊक आहे की हे सुद्धा कुणी वाचलं तर हळहळेल आणि म्हणेल, बघा, अजूनही मास्तर स्वतःलाच दोष देतोय. तू तर म्हणशीलच. शब्द कळला की नाही, हा असा मुद्दा आहे की त्यात माणसाला सूट मिळते. घाई होती, शेठ मागे लागला होता, कानावर आलं आणि विसरलं, काहीही म्हणता येतं. दवाखान्यातही मी तुला तेवढंच सांगितलं, सूट मिळेल एवढंच. कबुली देतानाही मी थोडी राखून ठेवली होती.

ती आता घे. त्या रविवारी मला चालू करायला सांगून शेठ पाहुण्यांना चिकूची झाडं दाखवायला मागे घेऊन गेला होता. शेडमध्ये मी एकटा होतो. मी तेलाच्या झाकणाचे आटे सोडले आणि आतली तेल मोजायची पट्टी बाहेर काढली. कोरडी होती. पांढऱ्या रुमालाने पुसून पाहिली, रुमालावर डागही पडला नाही. पट्टी आत घातली, आटे नीट आवळले आणि शेडच्या दारात येऊन शेठला हाक मारली, "या, चालू करतो."